परिच्छेद एक ते दहा

‘अ‍ॅडिक्वेट’ या शब्दाचा खरा अर्थ शशिकांत टेंबे यांना वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळला, आणि तोही स्वतःच्या मुलीकडून. दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते. गेल्या वर्षीच्या कामाच्या वार्षिक अहवालात त्यांचे डायरेक्टर राजीव बत्रा यांनी त्यांच्याबद्दल शेरा मारला होता की टेंब्यांचं इंग्रजी लेखन अ‍ॅडिक्वेट आहे. टेंबे त्या दिवशी घरी पेढे घेऊन आले होते. अ‍ॅडिक्वेट म्हणजे पुरेसं, आणि सरकारी नोकरीत पुरेसं असणं ही काही साधी गोष्ट नाही, असं त्यांनी बायकोला समजावून सांगितलं होतं. पेढे शेजारीपाजारीही वाटले गेले.

या मार्चमध्ये पुण्याच्या विभागीय कार्यालयात डेप्युटेशनवर एक जागा निघाली. टेंब्यांनी त्याच दिवशी बत्रासाहेबांमार्फत अर्ज ठोकला. आठवड्याभराने तिथल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला की बाकी सगळं ठीक आहे, पण तो इंग्रजीचा शेरा आडवा येतोय. यंदाचा अहवाल चांगला आणा, तोवर जागा धरून ठेवतो. टेंबे चक्रावले. जेवताना त्यांनी हा प्रकार घरात सांगितला, तेव्हा अपूर्वाने पोळीचा घास हातात धरूनच विचारलं, “बाबा, तुम्ही अ‍ॅडिक्वेटचे पेढे वाटले होते?”

“मग? वाईट काय आहे त्यात?”

“अरे यार. अ‍ॅडिक्वेट मतलब, चल जाता है. आमच्या कँटीनचं राजमा-चावल अ‍ॅडिक्वेट असतं.”

टेंब्यांच्या घशात वरणभात अडकला. हेमलताबाईंच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पेढ्यांमुळे नव्हतं. बावीस वर्षं त्या फरीदाबादला राहत होत्या. पुण्याला धायरीत घेतलेला फ्लॅट पंधरा वर्षं भाडेकरूच वापरत होता आणि आता तो रिकामा झाला होता. “मला तिथे जाऊन काही मोठं करायचं नाही हो,” त्या म्हणाल्या, “पण एकदा तरी भाजीवाल्याशी मराठीत भांडायचंय. बावीस वर्षं हिंदीत भांडतेय आणि दर वेळी हरतेय.”

बायकोचं हे दुःख टेंब्यांना ठाऊक होतं. हेमलताबाई हिंदीत भांडायला लागल्या की तिसऱ्या वाक्याला त्यांचे शब्द संपत आणि त्या हातातली कोथिंबिरीची जुडी ठेवून निघून येत. पुण्याला जायचं तर यंदाचा शेरा सुधारायला हवा होता, आणि शेरा सुधारायला इंग्रजी सुधारायला हवं होतं. बत्रासाहेब अहवाल एप्रिलअखेर लिहिणार होते. हातात महिनाही नव्हता.

अपूर्वा तेव्हा एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. तिने वडिलांना आपल्या हाताखाली घेतलं. पद्धत सोपी होती. ती रोज दहा शब्द अर्थासकट द्यायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेंब्यांनी प्रत्येक शब्दाचं एक वाक्य लिहून आणायचं. पहिल्या दिवशी टेंब्यांनी वाक्यं आणली ती अशी, की राम फ्रुगल आहे, श्याम व्हर्बोज आहे. अपूर्वाने वही परत केली. नुसती पाठ केलेली वाक्यं तीन दिवसांत उडून जातात, असं तिचं म्हणणं होतं. वाक्य खरं पाहिजे, आणि ओळखीच्या माणसाबद्दल पाहिजे. त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आला की शब्द आपोआप आठवतो.

शिकवणीत एक अडचण होती. अपूर्वा दिल्लीकडेच वाढलेली, त्यामुळे ती अर्थ सांगायची ते हिंदीतून.

“फ्रुगल मतलब कंजूस, पण चांगलावाला.”

“काटकसरी,” टेंबे म्हणाले.

“ते काय असतं?”

मग टेंब्यांनी तिला काटकसरी समजावून सांगायचं. तिने प्रोक्रॅस्टिनेट म्हणजे टालना म्हटलं की यांनी चालढकल सांगायची. अशा रीतीने आठवडाभरात वडिलांचं इंग्रजी किती सुधारलं ते सांगता येणार नाही, पण मुलीच्या मराठीत साठेक शब्दांची भर पडली.

ओळखीचं माणूस म्हणून कोणाला घ्यावं, हा टेंब्यांपुढचा खरा प्रश्न होता. सुरुवातीला त्यांनी बायकोला घेऊन पाहिलं. ‘माझी पत्नी कौतुकाच्या बाबतीत फ्रुगल आहे’ असं एक वाक्य त्यांना अगदी सहज सुचलं. पण वही घरात उघडी पडलेली असायची आणि अर्थ शेजारीच लिहिलेला असायचा, म्हणून ते वाक्य त्यांनी खोडरबराने तीनदा खोडलं. नंतर त्यांना बत्रासाहेब आठवले आणि मग काही अडलंच नाही. असा एकही शब्द नव्हता की जो बत्रासाहेबांवर बसत नव्हता. पॉम्पस म्हणजे बडेजाव मिरवणारा, तर साहेब स्वतःच्या केबिनमध्ये जातानासुद्धा शिपायाने दार उघडायची वाट पाहत उभे राहायचे. व्हर्बोज म्हणजे पाल्हाळिक, तर मागच्या निरोप समारंभात ते चाळीस मिनिटं बोलले होते आणि निवृत्त होणाऱ्या माणसाचं नाव त्यात दोनदाच आलं होतं.

पण टेंबे सव्वीस वर्षांचे मुरलेले सरकारी नोकर. लेखी कागदावर साहेबाचं नाव त्यांनी जन्मात लिहिलं नव्हतं, ते आता कसं लिहिणार? सरकारात माणसाला नाव नसतं, हुद्दा असतो, आणि हुद्दाही लिहायचा नसेल तर ‘सक्षम अधिकारी’ लिहायचं असतं. इंग्रजीत ‘द कॉम्पिटंट अथॉरिटी’. टेंब्यांच्या सगळ्या वाक्यांचा कर्ता हा सक्षम अधिकारी झाला. सक्षम अधिकारी पॉम्पस आहेत. सक्षम अधिकारी दुपारच्या जेवणानंतर सोम्नोलंट, म्हणजे पेंगुळलेले असतात. अपूर्वाला ही वाक्यं फार आवडली. बाबांचा कोणी मित्र असावा, असं तिला वाटलं.

दुसरी सवय त्याहून वाईट होती. टेंब्यांना परिच्छेदांना आकडे घातल्याशिवाय काही लिहिताच येत नसे. घरी बाजाराची यादी लिहितानाही ते एक, दोन, तीन करत आणि खाली तारीख घालून सही ठोकत. त्यामुळे अपूर्वाचा गृहपाठही आकडे घातलेल्या परिच्छेदांतच असायचा.

हा गृहपाठ करायला वेळ मिळायचा तो ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत. वही काढून बसलं तर आजूबाजूचे डोकावणार. म्हणून टेंब्यांनी एक युक्ती काढली. आता फायली कॉम्प्युटरवर असतात आणि तिथे टिपणी दोन रंगांत लिहिता येते. पिवळी टिपणी म्हणजे कच्ची, ती कधीही खोडा, कधीही बदला. हिरवी म्हणजे पक्की. एकदा हिरवी करून फाइल वर पाठवली की ब्रह्मदेवालाही त्यातला स्वल्पविराम हलवता येत नाही. टेंब्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉटर कूलरची फाइल उघडली. मजल्यावरचा कूलर दोन वर्षं बंद होता आणि त्याची फाइलही तितकीच बंद होती. तिकडे कोणी ढुंकून पाहणार नव्हतं. तिच्या पिवळ्या टिपणीत ते रोज दहा वाक्यं लिहायचे, संध्याकाळी वहीत उतरवायचे आणि पुसून टाकायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, टेंबे जेवणाच्या सुट्टीतही काम करतात.

त्या शुक्रवारी पारा बेचाळीसवर गेला. जेवणाची सुट्टी कामातच गेल्यामुळे टेंब्यांनी गृहपाठ ऑफिस सुटायच्या तासभर आधी केला होता आणि दहावं वाक्य नुकतंच पुरं केलं होतं. त्या दिवशी अपूर्वाने निवडक जुन्या शब्दांची उजळणी दिली होती आणि शेवटचा शब्द तेवढा नवा होता, ‘ओब्लिव्हियस’. अपूर्वाने अर्थ दिला होता, जिसको कुछ पता ही नहीं चलता. टेंब्यांनी लिहिलं, आपल्याबद्दल लोक काय बोलतात याबाबत सक्षम अधिकारी पूर्णपणे ओब्लिव्हियस आहेत. वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात फोन वाजला. अंडर सेक्रेटरी द्वारकाप्रसाद बोलत होते. हा मनुष्य टेंब्यांच्या एक पायरी वर आणि बत्रासाहेबांच्या एक पायरी खाली. बत्रासाहेबांना म्हणे मीटिंगमध्ये कोमट पाणी मिळालं होतं आणि त्यांना कूलरची फाइल पाच मिनिटांत समोर हवी होती.

पाच मिनिटं म्हटल्यावर टेंब्यांची बोटं आपोआप चालू लागली. फाइल समोर उघडीच होती. वर काय लिहिलंय याकडे त्यांनी पाहिलंच नाही; ते सगळं जुनं कूलरपुराण आहे, असं त्यांनी घाईत गृहीत धरलं. खाली त्यांनी अकरावा परिच्छेद टाइप केला, जो ते सव्वीस वर्षं प्रत्येक फाइलवर टाइप करत आले होते. ‘वरील बाबी लक्षात घेता, तिसऱ्या मजल्यासाठी नवीन वॉटर कूलर खरेदी करण्यास मंजुरी मिळावी.’ मग हिरवं बटण दाबलं, सही केली आणि फाइल वर पाठवली. चार मिनिटांत काम झालं म्हणून त्यांनी स्वतःसाठी चहासुद्धा मागवला.

चहाचा पहिला घोट घेताना त्यांना गृहपाठाची आठवण झाली. वहीत उतरवायला म्हणून त्यांनी फाइल उघडली, तर परिच्छेद एक ते दहा हिरवेगार. टेंब्यांच्या कपाळावर घाम आला, आणि त्याचा उन्हाशी काही संबंध नव्हता. पुणे, धायरी, कोथिंबिरीची जुडी, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं.

सोय एकच होती. समोरच्याने फाइल उघडलेली नसेल, तर पाठवणाऱ्याला ती परत ओढता येते. टेंब्यांनी ओढून पाहिली. ओढली जाईना. कारण द्वारकाप्रसादजींना आपल्या यादीत न उघडलेली फाइल दिसली की अस्वस्थ वाटायचं. ते आली की लगेच उघडायचे. वाचायचे नाहीत, नुसती उघडायचे, म्हणजे यादी स्वच्छ दिसते. टेंबे धावत त्यांच्या खोलीत गेले आणि फाइल परत पाठवा म्हणून विनवू लागले. द्वारकाप्रसादजी समाधानाने हसले. फाइल कधीच पुढे गेली होती. आलेली फाइल आपण अकरा मिनिटांत वर पाठवली, सोमवारच्या थकीत कामांच्या यादीत आपलं नाव नसेल, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

“सर, आपने पढ़ा क्या लिखा था?”

“पढ़ना क्या है. कूलर ही तो है.”

टेंब्यांनी त्यांना पडद्यावर वाचायला लावलं. आपल्या परिच्छेदांखाली द्वारकाप्रसादजींनी काय लिहिलंय, हे टेंब्यांनाही तेव्हाच दिसलं. ‘परिच्छेद एक ते दहामध्ये वस्तुस्थिती स्पष्टपणे मांडली आहे. सहमत. मंजुरीसाठी सादर.’ द्वारकाप्रसादजी वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. चौथ्या परिच्छेदाला ते थांबले. त्यात सक्षम अधिकारी इव्हेझिव्ह आहेत, म्हणजे टोलवाटोलवी करतात आणि निर्णय घ्यायची वेळ आली की टूरवर जातात, असं लिहिलं होतं.

“मरवा दिया, टेंबेजी,” ते हळूच म्हणाले. “अब मैं भी सहमत हूँ, लिखित में.”  मग त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “वैसे पैरा चार बिल्कुल सही है.”

दोघे मिळून बत्रासाहेबांच्या केबिनबाहेर गेले. साहेबांची सेक्रेटरी शिवांगी आवराआवर करत होती. साहेब निघून गेले होते. जाताना त्यांनी कूलरच्या टिपणीची छापील प्रत घेतली होती, असं तिने सांगितलं. साहेबांना पडद्यावर वाचलेलं लक्षात राहत नाही, म्हणून ते महत्त्वाच्या टिपण्या शनिवार-रविवारी घरी नेऊन लाल पेन्सिलीने वाचतात. एकही ओळ सोडत नाहीत, असं ती कौतुकाने म्हणाली. द्वारकाप्रसादजी भिंतीला टेकले. त्यांना तसंच सोडून टेंबे मेट्रोकडे चालू लागले.

शनिवारी सकाळी हेमलताबाई पिशवी घेऊन तयार होत्या. धायरीच्या फ्लॅटसाठी पडद्यांचं कापड घ्यायला करोल बागला जायचं, हे पंधरा दिवसांपूर्वीच ठरलं होतं. तिथल्या दिवाणखान्याला बाल्कनीचं उंच काचेचं दार आहे आणि त्याला सात फुटी पडदे लागतात, हे माप त्यांनी पुण्याच्या भावाकडून घेतलं होतं. टेंब्यांनी आदल्या रात्रभर बायकोला सगळं सांगायचा विचार केला होता, पण तिचा चेहरा बघून त्यांची जीभ उचलली नाही. आजच कशाला, ऊन फार आहे, एवढंच ते म्हणाले. त्यावर हेमलताबाईंनी छत्री पुढे केली.

दुकानात त्यांनी चोवीस कापडं उघडायला लावली आणि पंचविसावं पसंत केलं. फिकट हिरवं होतं. टेंब्यांना तो रंग बघवेना. दुकानदाराने कात्री हातात घेतली आणि एकदा कापलं की परत घेणार नाही, असं बजावलं. तेव्हा टेंबे न राहवून म्हणाले, “थांब जरा. अजून थोडे दिवस पिवळंच राहू दे.”

“पिवळं कुठे घेतलंय आपण? अहो, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“तसं नाही. पक्कं करायची घाई नको, असं म्हणतोय.”

“बावीस वर्षं थांबले,” हेमलताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुकानदाराला खूण केली. कापड कापलं गेलं. येताना मेट्रोत त्यांनी ते मांडीवर धरलं होतं आणि धायरीला सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येतं याबद्दल बोलत होत्या. आपण किती मोठा गाढवपणा केला आहे, हे टेंब्यांना तेव्हा जितकं जाणवलं तितकं ऑफिसातही जाणवलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

रविवारी अपूर्वाने नवे दहा शब्द आणून दिले. टेंब्यांनी ते वाचलेही नाहीत. इंग्रजी भाषा, तिचे शब्द, ते शिकवणारी मुलगी आणि खऱ्या माणसांबद्दल खरी वाक्यं लिहायला सांगणारी तिची पद्धत, या सगळ्यांवर ते दिवसभर चिडचिड करत होते. अपूर्वाने आईला विचारलं की बाबांना काय झालंय. इरिटेबल हा शब्द तिने वापरला आणि टेंबे आणखी चिडले.

सोमवारी साडेदहाला बोलावणं आलं. बत्रासाहेबांच्या टेबलावर ती छापील प्रत पडली होती आणि तिच्यावर लाल पेन्सिलीच्या इतक्या रेघा होत्या की कागद लालच वाटत होता. साहेबांनी टेंब्यांना बसायला सांगितलं. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, त्यामुळे टेंबे जास्तच घाबरले. मग साहेबांनी उठून स्वतःच्या हाताने दार लावलं.

“टेंबेजी,” ते म्हणाले, “ये आपने लिखा है?”

टेंब्यांनी होकारार्थी मान हलवली. माफीची वाक्यं ते मेट्रोत पाठ करत आले होते, पण आता त्यातलं एकही आठवेना.

“कमाल कर दिया,” बत्रासाहेब म्हणाले, आणि त्यांनी टेंब्यांचा हात हातात घेतला. “जो बात मैं पाँच साल से फाइल पे लिखना चाहता था, आपने लिख दी.”

हळूहळू टेंब्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कूलरच्या खरेदीची अंतिम मंजुरी बत्रासाहेबांच्या हातात नव्हती, ती त्यांच्या वरच्या जॉइंट सेक्रेटरींच्या हातात होती. त्यामुळे सक्षम अधिकारी म्हणजे कोण, याबद्दल बत्रासाहेबांच्या मनात शंकाच नव्हती. ते एकेक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवू लागले. पॉम्पस, हे तर जॉइंट सेक्रेटरीसाहेबांचं आडनावच असायला हवं होतं. टोलवाटोलवी, टूर, जेवणानंतरची पेंग, सगळं हुबेहूब. व्हर्बोजवर साहेब पुरी पंचवीस मिनिटं बोलले. मधे एकदा ते बाहेर जायला उठले, तेव्हा शिपायाने दार उघडायला उशीर केला म्हणून त्यांनी त्याला झापलं आणि पुन्हा पॉम्पसकडे वळले.

“और ये पैरा दस,” ते डोळे पुसत म्हणाले, “आदमी ओब्लिव्हियस है, उसको पता ही नहीं लोग उसके बारे में क्या बोलते हैं. टेंबेजी, ये पैरा तो लाजवाब है.”

टेंबे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघायचा त्यांना धीर नव्हता.

अर्थात ही फाइल वर पाठवता येणार नव्हती. हिरवी टिपणी पुसता येत नाही, पण फाइल कायमची बंद करता येते. कूलरची आवश्यकता नाही, असं लिहून साहेबांनी ती तिथल्या तिथे बंद केली आणि कर्मचाऱ्यांनी पाणी घरून आणावं, अशी सूचना काढायला सांगितली. द्वारकाप्रसादजींच्या सहमतीचंही त्यांनी कौतुक केलं. त्या माणसात कणा आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणाले.

टेंब्यांच्या जिवात जीव आला. आला तो आला, आणि त्या भरात त्यांनी अहवालाचा विषय काढला. साहेब म्हणाले, अहवाल आपण काल रात्रीच लिहून टाकला, आणि त्यांनी पडदा टेंब्यांकडे वळवला. टेंब्यांचं इंग्रजी लेखन ‘आउटस्टँडिंग’ आहे, असं तिथे लिहिलं होतं. असा शेरा त्या मजल्यावर आजवर कोणाला मिळाला नव्हता. टेंब्यांना धायरीचं काचेचं दार दिसलं, त्यावर फिकट हिरवे पडदे दिसले. मग त्यांनी त्याखालची ओळ वाचली. टेंबे या कार्यालयाला ‘इंडिस्पेन्सेबल’ आहेत, त्यांना पुण्याला सोडता येणार नाही.

“सर, पुण्याचं...”

“पुणे भूल जाइए. ऐसा लिखनेवाला आदमी मैं छोड़ूँगा? अब से मेरे सारे नोट आप लिखेंगे.”

इथे टेंब्यांपुढे एक रस्ता उघडा होता. सर, ते दहाही परिच्छेद तुमच्याबद्दल आहेत, एवढंच एक खरं वाक्य त्यांनी बोलायला हवं होतं. मग बत्रासाहेबांनी त्यांना एक दिवसही ठेवून घेतलं नसतं. पुण्याची खात्री नव्हती, कदाचित पूर्वेला समुद्रापलीकडे, काळ्या पाण्यावर पाठवलं असतं, पण सोडलं नक्कीच असतं. टेंब्यांनी तोंड उघडलं. “सर, पैरा चार जो है ना...”

“पैरा चार,” बत्रासाहेब टेबलावर हात आपटून हसले, “साला हर बार टूर पे भाग जाता है. मैं कल से चंदीगड टूर पे हूँ, लौटके आराम से बात करेंगे.”

टेंब्यांनी तोंड मिटलं. बाहेर द्वारकाप्रसादजी हातात पाण्याची बाटली धरून उभे होते. काय झालं, हे त्यांना सांगायला टेंब्यांना दहा मिनिटं लागली, आणि त्यांना ते खरं वाटायला आणखी वीस.

संध्याकाळी घरी शिवणयंत्र चालू होतं. हेमलताबाईंनी दोन पडद्यांच्या कडा शिवून तिसरा हातात घेतला होता. टेंब्यांनी चप्पल न काढताच सगळं सांगून टाकलं, गृहपाठापासून ते पंचवीस मिनिटांच्या व्हर्बोजपर्यंत. अपूर्वाला हसू आवरेना. तीन आठवड्यांत अ‍ॅडिक्वेटवरून आउटस्टँडिंग, एवढी प्रगती तिच्या क्लासच्या सरांनाही जमली नव्हती. मग तिचं आईकडे लक्ष गेलं आणि तिचं हसू थांबलं.

हेमलताबाईंनी तिसऱ्या पडद्याची कड पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि उठून पडदे फरीदाबादच्या चार फुटी खिडक्यांना लावायला घेतले. टेंबे स्टूल धरून उभे राहिले. पडदे खिडकीखाली उरलेले तीन फूट लोंबत होते आणि पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होते.  बाई चिडल्या असत्या, तर टेंब्यांना हलकं वाटलं असतं.

“काय म्हणाले ते? कुठला शब्द?” स्टुलावरूनच बाईंनी विचारलं.

“इंडिस्पेन्सेबल,” अपूर्वा म्हणाली. “मतलब, जिसके बिना काम नहीं चलता.”

“ज्याच्यावाचून अडतं असा,” टेंबे सवयीने म्हणाले.

हेमलताबाई स्टुलावरून उतरल्या. टेबलावरची वही त्यांनी पुढे ओढली आणि तीनदा खोडलेल्या फ्रुगलच्या जागेवरून बोट फिरवलं. कागद तिथे पातळ झाला होता आणि अक्षरं उजेडात चांगली वाचता येत होती. त्यांनी पेन घेतलं आणि खाली, टेंब्यांच्या पद्धतीने आकडा घालून, एकच परिच्छेद लिहिला. मग तो मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला.

“माझे यजमान ऑफिसात इंडिस्पेन्सेबल आहेत. घरात अ‍ॅडिक्वेट.”

वाक्य खरं होतं आणि ओळखीच्या माणसाबद्दल होतं. अपूर्वाने वडिलांकडे न बघता दहापैकी दहा दिले.